नव्याचा तांदूळ

बकुळाने सफरचंदावरचं चिमुकलं स्टिकर नखाने खरवडायला घेतलं आणि मधेच थांबली, कारण तिला ते वाचता आलं. सी, एच, आय, एन, ए. एकेक अक्षर ओळखीचं निघालं, आणि पाचही अक्षरं एका ओळीत उभी राहिली तेव्हा त्यांचा एक अख्खा देश झाला.  गणपतीपासून पूर्वी, तिची बारावीतली लेक, तिला रोज संध्याकाळी इंग्रजी अक्षरं शिकवत होती. मोबाइलमधली नावं शोधता यावीत एवढाच त्या शिकवणीचा हेतू होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आपल्याला हे जमेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि जमल्यावर त्याचा उपयोग असा भरदुकानात, थंड हवेत, फळांच्या ढिगापुढे होईल असं तर अजिबातच वाटलं नव्हतं. बकुळा सगळ्या जन्मात एकदा जेजुरीला गेली होती आणि एकदा नाशिकला. आणि हे फळ, ज्याला ना पाय ना पोट, ते चीनमधून भिवंडीला आलं होतं. तिला हसू फुटलं. सफरचंदाबद्दल तिला जरा आदरही वाटला. मग तिने ते परत ढिगात ठेवलं, शेजारच्या खोक्यातली लहान, ओबडधोबड, डागाळलेली सफरचंदं बघितली आणि पूर्वीला विचारलं, ही कुठली. पूर्वीने खोक्यावर बघून हिमाचल म्हणून सांगितलं. "मग ही घे. ही आपली हायत," बकुळा म्हणाली, आणि म्हणताना तिला एकदम इतका आनंद झाला, जणू हिमाचलात तिचं माहेरच असावं.

त्यानंतर तिच्या अंगातच आलं. बायपासला नव्याने निघालेल्या त्या चकचकीत दुकानात ती दर रविवारी येत असे, पण आजवर ती तिथे पाहुणीसारखी वावरे. काही उचललं तर हात पुसून उचले. आज ती पाकिटं उलटी करू लागली. पाकिटाची पुढची बाजू फोटोची, बघणाऱ्याला भुलवायची, आणि मागची बारीक अक्षरांची. माणसाचंही तसंच असतं, त्याचं गाव विचारलं की निम्मा माणूस कळतो. संत्र्याच्या रसाचा डबा परदेशातला निघाला. तो तिने ठेवला आणि कोकमाची बाटली घेतली. निळ्या डब्यातली बिस्किटं समुद्रापलीकडची होती, ती ठेवून तिने नाचणीची घेतली. पूर्वी सुरुवातीला हसत होती, मग तिचे कान लाल व्हायला लागले, मग तीही खेळात ओढली गेली आणि धावत जाऊन एकेक वस्तू आणून आईपुढे धरू लागली, की ओळख, ही कुठली. बकुळा अक्षरं जुळवी. काही जुळत, काही दगा देत. पण आपण इतकी वर्षं काय काय खाल्लं हे आपल्यालाच माहीत नव्हतं, आणि आता ते जाणून घेता येतं, या विचाराने ती एकामागून एक पाकिटं उलटत राहिली. तिला दुकानाच्या टोकापर्यंत पळत जावंसं वाटलं. पायातल्या जोडव्यांमुळे आणि वयामुळे ती पळाली नाही इतकंच.

मग पूर्वीने चिंचेचा डबा आणला. गोड चिंच, थायलंडची, अख्ख्या शेंगा सुबक आडव्या मांडलेल्या. बकुळाने डबा हातात घेतला आणि तिचं हसू जरा मागे सरलं. गावी, दिघाशीला, त्यांच्या शेताच्या तोंडाशी चिंच होती. भात लावताना पाऊस अंगावर आला की सगळ्या बाया तिच्याखाली जाऊन उभ्या राहत, ओल्या इरल्यांचा एक उग्र वास येई, आणि मोठी जाऊ कमळा कमरेच्या बटव्यातलं मीठ काढून सगळ्यांच्या तळव्यावर चिमूट चिमूट ठेवी. हिरवी चिंच, मीठ, आणि दात आंबलेले असतानाही चाललेल्या गप्पा. चांगदेवने, बकुळाच्या नवऱ्याने, भावापासून वाटून आलेली आपली जमीन गोदामाला दिली तेव्हा ट्रकला वळायला जागा हवी म्हणून ती चिंच पहिली गेली. त्याला आता चार वर्षं झाली. ही चिंच त्या गोदामातूनच तर आली नसेल? बकुळाला हा विचार इतका गमतीचा आणि इतका वाईट वाटला, की तिने डबा पटकन ठेवून दिला, आणि पदराने तळवा पुसला. तळव्यावर काही नव्हतं.

पण उत्साह असा एका चिंचेने मरत नाही. नव्याची पुनव परवावर आली होती, आणि ती दुकानात आली होती मुळात तांदळासाठी. आता हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. बकुळाच्या घरी आश्विनातल्या पुनवेला नवं करतात. शेतात नुकत्याच तयार झालेल्या, लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचा तांदूळ शिजवायचा, त्याची खीर देवापुढे ठेवायची, आणि मगच घरातल्यांनी त्या वर्षीचा नवा दाणा तोंडात घालायचा. त्याआधी खाल्ला तर देव कोपतो असं नाही, पण घरातल्या बाईला घास गिळत नाही. शेत गेलं तरी नवं राहिलं. भिवंडीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बकुळा दरवर्षी नवं करत होती, आणि त्यासाठीचा तांदूळ दरवर्षी चांगदेव दुकानातून आणत होता. पाकिटावर मोराचं चित्र असे, तोंड सुतळीने बांधलेलं असे. दुकानदाराने दाणा दाखवायला फोडलं होतं, असं चांगदेव सांगे. आणि तांदूळ काय असे! शिजताना घरभर तो ओला, दुधाळ वास, जो फक्त नव्या तांदळालाच येतो. पेज घट्ट, बोटाला चिकटणारी. पहिल्या वर्षी वास आला तेव्हा बकुळा गॅसपाशी उभ्या उभ्या रडली होती, आणि कोणी बघितलं तर सांगायला हवं म्हणून तिने कांदा चिरायला घेतला होता. तेव्हापासून ती ज्याला त्याला सांगे, मोराचं पाकीट घ्या, अगदी आपल्या शेतातल्यासारखा. शेजारच्या धोंडूबाईंनी एकदा तिचं ऐकून ते घेतलं, आणि त्यानंतर त्यांनी तांदळाचा विषयच काढला नाही.

यंदा चांगदेव न्हाणीघरातल्या गुळगुळीत फरशीवर घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून बसला होता. तरीही तो म्हणत होता, तांदळाचं मी बघतो, एक दिवस रिक्षा करून जातो. कशाला जातोस मोडक्या पायाने, असं म्हणून बकुळा त्याच्या डोळ्यांदेखत पिशवी घेऊन निघाली होती. आता मोराची पाकिटं तिच्यासमोर थप्पीने रचलेली होती. तिने एक उचललं, सवयीने उलटं केलं आणि लेकीपुढे धरलं. पूर्वीने वाचलं: उत्तरेकडच्या कुठल्याशा गावी पॅक केलेला, आणि खाली अभिमानाने लिहिलेलं, दोन वर्षं मुरवलेला. बकुळाने तिला पुन्हा वाचायला लावलं. पूर्वीने पुन्हा वाचलं. बकुळा खो खो हसली, इतकी की शेल्फपाशी उभा असलेला दुकानातला मुलगा बघायला आला. दोन वर्षांचा जुना तांदूळ, आणि आपण त्याचं नवं करतो! देवाला शिळं वाढून वर हात जोडतो! मग तिला घरचा तो ओला वास आठवला, आणि आतला दाणा बघावासा वाटला. मुलाने पाकीट फोडायची परवानगी दिली नाही, म्हणून तिने ते विकत घेतलं आणि दाराबाहेर येऊन दाताने टोक फाडून चार दाणे दाढेखाली धरले. कुट्कन तुटले. लांब, कोरडे, बिनवासाचे. हा तो तांदूळ नव्हता. चार वर्षं खाल्लेला दाणा तिची दाढ ओळखत होती. त्या बाबतीत कुठलंही पाकीट तिला फसवू शकत नव्हतं.

घरी येऊन तिने पाकीट चांगदेवपुढे ठेवलं, पूर्वीने वाचलेलं सांगितलं आणि विचारलं, दरवर्षी तू हाच आणायचास का. चांगदेव हो म्हणाला. मग म्हणाला, नाही, म्हणजे पाकीट हेच, माल बदलत असेल. मग म्हणाला, पोरगी वाचताना चुकली असेल. मग त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. एरवी बकुळाने त्याला असं सोडलं नसतं, पण आज तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. तिच्या मनात सकाळपासूनचं ते उकळणारं काहीतरी आता एकाच जागी गोळा होत होतं. हिमाचलचं सफरचंद आपलं, ठीक आहे. कोकम आपलं, नाचणी आपली. पण हे सगळं पाकिटावर छापलेलं आपलं. छापणाऱ्याने खोटं छापलं तर आपण काय करणार? आपलं म्हणजे ज्याचा बांध माहीत आहे ते. ज्या शेताला पाणी कुठून येतं, कोणत्या कोपऱ्यात खेकडे रोप कुरतडतात, कोणाच्या हाताने रोप लागतं, ते माहीत आहे ते. असा तांदूळ, बारीक अक्षरं न वाचता ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा असा तांदूळ, या अख्ख्या तालुक्यात तिला एकच ठाऊक होता. आणि तो कमळाच्या घरात होता.

कमळाच्या घराचं नाव या घरात निघत नसे. थोरले दीर केसरीनाथ वारले तेव्हापासून कमळा एकटीने तिच्या वाटणीची शेती करत होती. गोदामवाले तिच्याकडेही गेले होते, तिने त्यांना पाणी पाजून परत पाठवलं होतं. चार वर्षांपूर्वी, गोदामाच्या भूमिपूजनाच्या दिवशी, मांडवात नारळ फुटायच्या वेळी कमळा हातात विळा घेऊन तशीच शेतातून बांधावर येऊन उभी राहिली. नव्या साडीतल्या बकुळाकडे बघून, सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाली, आज जमीन इकलीस, उद्या तांदूळ पण इकत घेशील. बकुळाचा तोल गेला. तिचा तोल जाण्याचं कारण असं, की नेमकी हीच गोष्ट आदल्या रात्री तिच्या मनात येऊन गेली होती आणि तिने ती कुशीवर वळून दाबली होती. आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं यापेक्षा मोठा अपमान नाही. ती म्हणाली, "घेईन इकत. पन तुझ्या घरचा एक दाना माझ्या घरात येनार न्हाय." शब्द देवासमोर, पेटलेल्या होमासमोर गेले. एकवीस वर्षं एका चुलीवर भाकऱ्या थापलेल्या दोन बाया त्यानंतर एकमेकींशी बोलल्या नाहीत. लग्नाकार्यात समोरासमोर आल्या तर दोघीही आपापल्या पदराचं काहीतरी नीट करत.

तो शब्द मोडायचा होता. गंमत अशी की बकुळाला त्याचं भय वाटत होतं आणि त्याहून जास्त उत्साह वाटत होता. सोमवारी सकाळी पूर्वीला कॉलेजला घालवून, चांगदेवच्या हाताशी डबा आणि पाणी ठेवून, दिघाशीचं नाव न काढता, अंबाडीला जाऊन येते एवढंच सांगून ती निघाली. चांगदेवने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण ती जिना उतरून गेली होती. वाडा रस्त्याच्या टमटममध्ये कडेला जागा मिळाली. वारा तोंडावर येत होता, आश्विनातलं ऊन रस्त्यावर पसरलं होतं, आणि गोदामांच्या भिंती एकामागून एक, खिडक्याच नसलेल्या, लांबच लांब मागे जात होत्या. ती पाट्या वाचत होती. सगळ्या नाही जुळल्या. दिघाशीच्या अलीकडे त्यांचं गोदाम आलं. अजूनही ती त्याला त्यांचंच म्हणे. फाटकात एक ट्रक वळत होता, बरोबर चिंचेच्या जागी, आणि त्याच्या उघड्या पाठीतल्या खोक्यांवर बाणाची आणि पेल्याची चित्रं होती. आत रसाचे डबे असतील, बिस्किटं असतील. आपल्या शेताला आता पीक येत नाही, आपलं शेत दुसऱ्यांची पिकं सांभाळतं, असं तिच्या मनात आलं. यावर रडावं की काय ते तिला ठरवता आलं नाही, कारण तेवढ्यात गोदामाची भिंत संपली आणि एकदम, डोळ्यांना झोंबेल इतकं पिवळं, कमळाचं भात सुरू झालं.

टमटममधून ती जवळजवळ उडी मारूनच उतरली. उतरल्यावर मात्र ती बांधाच्या तोंडाशीच थांबली. काय म्हणायचं? चुकले म्हणायचं? चुकले असं तिला पुरतं वाटत नव्हतं. लेकीचं शिक्षण, डोक्यावर सिमेंटचं छप्पर, हे सगळं त्या जमिनीतून आलं होतं आणि त्याची तिला लाज नव्हती. तांदूळ दे म्हणायचं? भीक मागितल्यासारखं. इकत दे म्हणायचं? त्या शब्दाने तर आग लागली होती. बांधावरून चालताना तिने पाच-सहा वाक्यं रचली आणि पाच-सहाही मोडली. जर कमळाने तोंड फिरवलं, तर यंदा नवं नाही. आणि यंदा नाही म्हणजे मग कधीच नाही, कारण आता तिला पाकिटं वाचता येत होती, आता काही न कळल्याचं सोंग आणता येणार नव्हतं. हातात रिकामी पिशवी घेऊन, ओळखीच्या त्या चिखल-गवत-भाताच्या वासात चालताना तिचं काळीज नव्या नवरीसारखं उडत होतं.

कमळा खळ्यावर होती. कापलेल्या भाताचे भारे एका बाजूला, आणि ती फळीवर पेंढ्या झोडत होती. हाडं वर आली होती, केस पुरते पांढरे झाले होते. तिने बकुळाला बघितलं, हातातली पेंढी तीनदा झोडून पुरती केली, मग ती बाजूला ठेवली.

"पाय धू," ती म्हणाली. "बादली तिथंच हाय."

बकुळाने पाय धुतले. पाणी गार होतं, विहिरीचं. ओसरीवर बसल्यावर कमळाने गुळाचा खडा आणि तांब्या पुढे केला आणि चांगदेवच्या पायाची चौकशी केली. बकुळाला आश्चर्य वाटलं, हिला पायाचं कुठून कळलं. गावाला सगळं कळतं, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.  बकुळाने रचलेलं एकही वाक्य जवळ येईना. शेवटी तिने रिकामी पिशवी मांडीवर उलगडली आणि म्हणाली, "अक्का, उद्या नवं हाय."

"हाय ना. मी भावजींची वाट बघत व्हते. मग कळला पाय मोडलाय, आता कोन येनार तांदूळ न्यायला?"

बकुळाला आधी कळलंच नाही. कमळा पदराने मान पुसत सहज सांगत होती, की दरवर्षी पुनवेच्या आधी भावजी येतात, दारात बसतात, चहा घेतात आणि सांगतात, बकुळाने नव्यासाठी तांदूळ मागवलाय. तांदूळ काढून ठेवलेलाच असतो, तो ती देते. ते बरोबर एक मोराचं पाकीट आणतात, त्यात भरून नेतात. "मी दर साली इचारते," कमळा म्हणाली, "मागवायला तोंड हाय तिला, यायला पाय न्हाय का? तर म्हनतात, येईल, येईल. तिच्या मनात हाय."

खळ्यावर चिमण्या उतरल्या होत्या.  चार वर्षं. तो वास, ती पेज, गॅसपाशी आलेलं ते रडू. तिची दाढ खोटं बोलली नव्हती. देवासमोर घेतलेली तिची शपथ पहिल्याच वर्षी मोडली होती, तिच्याच हाताने, तिच्याच पातेल्यात, आणि देवाला नवं अन्न बरोबर पोचलं होतं. आणि तो लंगडा, तो बेरकी, दोन्ही घरी दोन वेगवेगळ्या थापा मारून साळसूदपणे टीव्ही बघत बसला होता! तिला राग यायला हवा होता. तो येतही होता, पण त्याच्या पायात पाय घालून हसू वर येत होतं, आणि हसण्याच्या मागून असं काहीतरी येत होतं की तिला ओसरीचा खांब धरावा लागला. आपण मागवला नव्हता. मी मेले तरी मागवला नसता. हे एक वाक्य बोललं की सगळं खरं होईल, चांगदेव खोटा ठरेल, आणि ही बाई चार वर्षं ज्या मागण्यावर दाणे निवडून ठेवत आली ते मागणंच नव्हतं हे तिला कळेल. बकुळाने कमळाच्या हातांकडे बघितलं. बोटांची पेरं भाताचं कुसळ रुतून लाल झाली होती.

"मागवला व्हता," ती म्हणाली. "यायलाच उशीर झाला, अक्का."

 कमळा उठली, आत गेली, आणि आतून पायलीने तांदूळ ओतल्याचा आवाज आला. पिशवी भरून तिने बाहेर आणून ठेवली. मग खळ्यावर जाऊन भाऱ्यांतून तिने चांगल्या भरलेल्या लोंब्या निवडल्या, एकेक करून, सावकाश, एवढंच काम तिला दिवसभर करायचं असावं अशा बेताने. त्यांची जुडी बांधली. नव्याच्या दिवशी दारावर बांधायच्या लोंब्या. भिवंडीच्या घराच्या दारावर चार वर्षं नुसती आंब्याची पानं होती.

"या पन ने," कमळा म्हणाली. "भावजी या कधी न्यायचे न्हाय. पाकिटात लपत न्हाईत म्हनायचे."

मागवलेला तांदूळ कोण कशाला लपवील? बकुळाने मान वर केली. कमळा तिच्याकडेच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत कुठलंच आश्चर्य नव्हतं. बकुळाने लोंब्या घेतल्या. पिशवीत न घालता हातात उभ्या धरल्या, आणि तशाच धरून ती बांधावरून रस्त्याकडे निघाली.